दोनशे पानांचे तीनशे रुपये कसे होतात? मराठी प्रकाशनाचा हिशेब

फॉर्मा_सोळा (धागाकर्ता), १७ जानेवारी, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी,

या महिन्याच्या सुरुवातीला साताऱ्याच्या साहित्य संमेलनात आमचा गाळा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी आली, अकरावी-बारावीतली असावी. एक कथासंग्रह हातात घेऊन मधलंच पान उघडलं आणि उभ्याउभ्या सात-आठ मिनिटं वाचत राहिली. मग पुस्तक उलटं केलं, किंमत बघितली आणि गठ्ठ्यावर कोपरे जुळवून अलगद ठेवून दिलं. सोबतच्या वडिलांनी मला सरळ विचारलं, "दोनशे पानांचे तीनशे रुपये? एवढे कसे होतात हो?" गर्दी होती. "कागद महागलाय" म्हणालो आणि थोडी जास्त सवलत देऊ केली. ते हसून पुढे गेले. मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं, ते तेव्हापासून सलतंय. पूर्ण उत्तर इथे लिहितो.

पुण्यात गेली बावीस वर्षं माझी छोटी प्रकाशनसंस्था आहे. वर्षाला दहा-बारा पुस्तकं. खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत, दुसऱ्या प्रकाशकाचे थोडे इकडेतिकडे असतील.

त्याच पुस्तकाचं घेऊ. २०८ पानं, डेमी आकार (कथा-कादंबऱ्यांचा नेहमीचा), म्हणजे १६ पानी १३ फॉर्मे; फॉर्मा म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट. आवृत्ती ५०० प्रतींची. कागद २३ बाय ३६ इंची, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, पाचशे तावांची रीम १८.६ किलोची. वाया जाणारा धरून साडेसात रिमा लागल्या. ९५ रुपये किलोनं अधिक १८ टक्के जीएसटी, कागदाचे साधारण १५,६०० रुपये झाले. प्लेटा (छपाईचे धातूचे पत्रे) आणि छपाई १२,०००. मुखपृष्ठाची छपाई आणि लॅमिनेशन ६,०००. बांधणी प्रतीला १२ रुपये, म्हणजे आणखी ६,०००. अक्षरजुळणी पानाला ४० रुपयांनी ८,३००, मुद्रितशोधन पानाला २० रुपयांनी ४,१५०, मुखपृष्ठकाराला ५,०००. बेरीज ५७ हजार. एका प्रतीला ११४ रुपये.

छापील किंमत ३००. वितरकाला ४५ टक्के सवलत गेली की माझ्या हाती १६५ येतात. लेखकाचं मानधन दहा टक्के, ३० रुपये. १६५ वजा ११४ वजा ३०, उरले २१. पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या तर साडेदहा हजार. त्यातून जागेचं भाडं, माणसांचे पगार, टपाल, भेटप्रती, परीक्षणासाठीच्या प्रती, गोदामात कसर लागलेल्या प्रती. आणि हे पैसे एकरकमी येत नाहीत, दोन-अडीच वर्षांत तुकड्यातुकड्यानं येतात.

आता कागदाचं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर कागदानं जी उडी मारली, ती या धंद्यातलं कुणी विसरणार नाही. त्याआधी मी ६५ रुपये किलोनं घेत होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. वहीच्या कागदाला शून्य आणि पुस्तकाच्या कागदाला १८, हे मला आजही पटलेलं नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेला कर परतही मिळत नाही, तो थेट खर्चात मिळतो. तरीही प्रामाणिकपणे गणित मांडलं तर करवाढीनं या पुस्तकाच्या एका प्रतीमागे फक्त दीड-पावणेदोन रुपये वाढले. कागदाचा भाव आणि कर मिळून अकरा रुपये. आम्ही किंमत ठरवताना निर्मितीखर्चाला अडीच-पावणेतीननं गुणतो, म्हणजे छापील किमतीत तीस रुपये. बाकीची वाढ कुठून आली?

ती आली आवृत्ती लहान झाल्यामुळे. मी सुरुवात केली तेव्हा अकराशेची आवृत्ती हा रिवाज होता. आज पाचशे, कवितेला तीनशे, काही पुस्तकांना दोनशे. हेच पुस्तक हजार छापलं असतं तर अक्षरजुळणी, शोधन, मुखपृष्ठ यांचे पैसे तेवढेच राहिले असते, प्लेटाही त्याच, आणि प्रत ८३ रुपयांत पडली असती. छापील किंमत २४० ठेवूनही माझ्याकडे आजच्यापेक्षा जास्त उरले असते.

हजार का छापत नाही? कारण आधीच्या हजारातल्या पहिल्या पाच-सहाशे प्रती ठरलेल्या असायच्या. त्या गावोगावच्या वाचनालयांत जायच्या. ते खात्रीचं गिऱ्हाईक गेलं. वाचक कमी झाले असं मला वाटत नाही. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून राष्ट्रीय पुस्तक न्यास पुस्तक महोत्सव भरवतंय, तिथे डिसेंबरात पाय ठेवायला जागा नसते. पण वर्षातले नऊ दिवस धो-धो पाऊस आणि बाकी कोरडं, यावर शेती कशी करायची?

आपापले अनुभव लिहा. लेखक, दुकानदार, ग्रंथपाल कुणी इथे असतील तर विशेष आनंद होईल.

कावेरी_वाचते, १७ जानेवारी, सकाळी १०.०२

वाचनखूण साठवली. इतकं उघडपणे आकडे मांडल्याबद्दल आभार.

एक शंका. ऑनलाइन घेताना मला तेच पुस्तक ३० ते ३५ टक्के कमी किमतीत मिळतं. मग मूळ किंमतच वाढवून छापलेली असते का? वाचक म्हणून मनात हे येतंच.

फॉर्मा_सोळा, १७ जानेवारी, सकाळी १०.४०

कावेरीताई, हो. सवलत गृहीत धरूनच किंमत छापली जाते. मी सवलत दिली नाही तर शेजारच्या गाळ्यावर मिळते, म्हणून मीही देतो. मग ती भरून काढायला पुढच्या पुस्तकाची किंमत वीस रुपयांनी वाढवतो. जो माणूस छोट्या गावात, छोट्या दुकानात पूर्ण किंमत मोजून पुस्तक घेतो, तो तुमची-माझी सवलत भरत असतो. हे मला टोचतं. पण एकट्यानं सोडायचं म्हटलं तर माझं पुस्तक उचललंच जात नाही.

फ्रान्स, जर्मनीत कायद्यानं पुस्तकाची किंमत बांधलेली असते. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याप्रमाणे दुकानदाराला पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. तिथली छोटी दुकानं टिकली त्यात या कायद्याचा मोठा वाटा मानतात.

माणदेशी_ग्रंथपाल, १७ जानेवारी, दुपारी १.१५

फॉर्मासाहेब, खात्रीचं गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच. म्हणून लिहितो.

माण तालुक्यात आमचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात अशी हजारो वाचनालयं उभी राहिली, आजही अकरा-बारा हजार आहेत. 'ड' वर्गाला वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होतं. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ जाहीर झाली, त्यानंतर ४८,०००. ऐकायला बरं वाटतं. पण नियमानं निम्मे पगाराकडे जातात, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार. उरलेल्या निम्म्यात वीज, जागा, वर्तमानपत्रं, मासिकं, दिवाळी अंक, जुन्या पुस्तकांची बांधणी. गेल्या वर्षी पुस्तकांना १२,००० उरले. तुमच्या ३०० रुपयांच्या पुस्तकावर २० टक्के सूट धरली तर ५० पुस्तकं. वर्षाला पन्नास. त्यात मुलांची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची, कादंबऱ्या, शेतीची सगळी आली. नवा कथासंग्रह घ्यायचा तर दहादा विचार करतो.

अनुदान हप्त्यांनी येतं. बहुतेक वेळा एक हप्ता मार्चच्या तोंडावर पडतो आणि ३१ च्या आत बिलं लावायची असतात. त्या आठ-दहा दिवसांत पुस्तकं निवडायला वेळ कुठला? मग गाडी घेऊन पुरवठादार दारात येतो. त्याच्याकडे खास वाचनालयांसाठी छापलेली पुस्तकं असतात. शंभर पानं, मोठा टाइप, किंमत चारशे आणि सवलत साठ-सत्तर टक्के. हिशेबतपासणीला पुस्तकांची संख्या दिसते, नियम पूर्ण होतात. माझ्या कपाटात अशी दीडशेवर पुस्तकं आहेत ज्यांच्या कार्डावर एकही तारीख पडलेली नाही. आमच्या गावचा पैसा असा वाया गेला याचं वाईट वाटतं, कारण मागच्या खोलीत रोज संध्याकाळी नऊ-दहा पोरं वाचायला बसतात.

सरकारनं २०१२ मध्ये केलेल्या वाचनालयांच्या पडताळणीनंतर नव्या वाचनालयांना मान्यता थांबली. वर्ग बदलूनही मिळाला नाही. 'क' मध्ये जायला लागेल एवढी पुस्तकं आणि सभासद आमच्याकडे कधीचे आहेत.

रानवाटा, १७ जानेवारी, दुपारी १.५०

ग्रंथपाल दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कार्डावर तारीख नसलेली पुस्तकं आमच्या गावच्या वाचनालयातही पाहिली आहेत, कारण आज कळलं.

दुकानाची_पायरी, १७ जानेवारी, रात्री ९.३०

दुकान बंद करून लिहायला बसले. नाशकात आमचं पुस्तकांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं.

वितरकाकडून आम्हाला २५ ते ३० टक्के मिळतात. ऑनलाइनवाला गिऱ्हाइकाला ३५ टक्के देतो. म्हणजे माझ्या खरेदीपेक्षा कमी किमतीत तो विकतो. दुकानात येऊन पुस्तक चाळायचं, मागच्या बाजूचा फोटो काढायचा आणि तिथेच उभं राहून मोबाइलवर मागवायचं, हे रोजचं झालंय. मी कुणाला बोलत नाही. पण तो फोटो निघतो तेव्हा पोटात कालवतं. पुण्याचं मॅनीज २०१२ मध्ये मिटलं, मुंबईचं स्ट्रँड २०१८ मध्ये. एवढी नावाजलेली दुकानं गेली, तर आमच्यासारख्यांचं काय?

दुकानाचं भाडं निघतं ते स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर. साहित्याच्या कपाटाला ती पुस्तकं पोसतात म्हटलं तरी चालेल. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांचा साठा पडून राहिला. काही प्रकाशकांनी परत घेतला, काहींनी फोन उचलणं बंद केलं. त्या वर्षी नव्या कादंबऱ्यांच्या मागणीत मला हात आखडता घ्यावा लागला. एमपीएससीचा नमुना बदलला की कवितासंग्रहाच्या प्रती कमी मागवल्या जातात, हे बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही.

उधारीबद्दलही लिहिते, कारण प्रकाशकमंडळी आमच्यावर रागावतात. आमच्याकडे आलेली शाळा-महाविद्यालयांची बिलं सहा-आठ महिने अडकतात. ती आली की आम्ही वितरकाला देतो, वितरक तुम्हाला. कुणी कुणाला बुडवतंय असं नेहमीच नसतं. सगळी साखळीच शेवटच्या माणसाच्या पैशांची वाट बघत उभी असते.

दिल्लीकर_मराठी, १८ जानेवारी, सकाळी ८.२०

चांगला धागा. थोडं देशपातळीवरचं चित्र जोडतो, मी दिल्लीत इंग्रजी प्रकाशनात काम करतो.

भारतीय पुस्तकबाजाराचा मोठा अभ्यास नील्सन या बाजार-संशोधन कंपनीनं २०१५ मध्ये केला होता. तेव्हा बाजार २६,१०० कोटी रुपयांचा आणि प्रकाशक नऊ हजारांवर, असं त्यात आलं. हा आकडा वाचून लोक म्हणतात, एवढा मोठा धंदा आणि तुम्ही रडता कशाला? पण त्यातला फार मोठा भाग शालेय आणि उच्च शिक्षणाच्या पुस्तकांचा आहे. कथा, कविता, चरित्र, वैचारिक पुस्तकं यांच्या वाट्याला छोटासा तुकडा, आणि त्या तुकड्यातही इंग्रजी आणि हिंदी सगळ्यात पुढे. मराठी, बंगाली, मल्याळम, तमिळ उरलेल्यात.

याचा फॉर्मासाहेबांच्या कागदाशी थेट संबंध आहे. फेब्रुवारी ते मे पाठ्यपुस्तकांची छपाई जोरात असते. मोठे मुद्रक आणि कागदगिरण्या त्या कामाला लागतात. त्या दिवसांत छोट्या प्रकाशकाला कागद महाग मिळतो आणि छापखान्यात त्याचं काम मागे पडतं.

मोठ्या भांडवलानं सगळं सुटतं असंही नाही. वेस्टलँड हे मोठं इंग्रजी प्रकाशन ॲमेझॉनच्या मालकीचं होतं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली. शेकडो पुस्तकांचं काय होणार, हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. लेखक स्वतःच्या प्रती विकत घेऊन ठेवत होते. पुढे दोन महिन्यांत प्रतिलिपी या कथावाचनाच्या ॲपच्या कंपनीनं त्या चमूला हात दिला म्हणून नाव टिकलं. तो काळ मी जवळून पाहिलाय. कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ खोडली जाते आणि कुणाचं दहा वर्षांचं काम बाजारातून नाहीसं होऊ शकतं.

न्यूजर्सीची_मावशी, १८ जानेवारी, सकाळी ८.५५

आम्ही बाहेर राहणारे पूर्ण किंमत द्यायला तयार आहोत, पण पुस्तक मिळत नाही. तीनशेच्या पुस्तकाला हजारावर टपालखर्च पडतो. किंडलवर मराठी २०१६ च्या अखेरीस आली तेव्हा मला किती आनंद झाला होता! बुकगंगा या संकेतस्थळावरही पुष्कळ ई-पुस्तकं आहेत. पण मला हवी असतात ती जुनी, ऐंशी-नव्वदच्या दशकातली, ती बहुतेक नसतातच. छपाई नाही, कागद नाही, मग प्रकाशक ई-पुस्तक का काढत नाहीत?

फॉर्मा_सोळा, १८ जानेवारी, दुपारी १२.१०

मावशी, तुमचा प्रश्न रास्त आहे.

माझी २०१० च्या आधीची सगळी पुस्तकं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी जागा सोडते. मागच्या दिवाळीत एक २४० पानांची कादंबरी रूपांतरित करून घेतली. पहिल्या दहा पानांतच 'पर्वत' चा 'पवर्त' झालेला सापडला. म्हणजे पुन्हा ओळन् ओळ शोधन आलं. त्याआधीच्या खिळ्यांच्या छपाईतल्या पुस्तकांची तर फाइलच नाही, ती नव्यानं जुळवावी लागतात. हा खर्च दहा-बारा हजारांवर जातो, आणि माझ्या अनुभवात एखाद्या ललित ई-पुस्तकाच्या वर्षाला वीस-पंचवीस प्रती जातात. करही आहे, छापील पुस्तकाला शून्य आणि छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकाला पाच टक्के.

दुसरं कारण सांगताना जड जातं. मागच्या वर्षी आमच्या एका पुस्तकाची पीडीएफ प्रकाशनानंतर तिसऱ्या आठवड्यात टेलिग्रामवर आली. लेखिकेनंच मला पाठवली. तिच्या वाड्यातल्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी "अभिनंदन, पुस्तक फार आवडलं" म्हणून तीच पीडीएफ जोडली होती. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, आपण कौतुक करतोय असंच त्याला वाटत होतं.

ऑडिओचं मात्र चांगलं चाललंय. स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठी ऐकणारे खूप वाढले. पुस्तक ऐकून छापील प्रत मागवणारे मला भेटले आहेत.

अनुवादाचं_टेबल, १८ जानेवारी, दुपारी ४.३०

फॉर्मासाहेब, तुमच्याबद्दल आदर ठेवून एक गोष्ट लेखक-अनुवादकांच्या बाजूनं मांडते.

अकरा वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आहे. मला बहुतेक वेळा एकरकमी पैसे मिळतात, शब्दाच्या दरानं. पुस्तक दहा वर्षं विकलं गेलं तरी पुढे काही नाही. ते मी करारावर सही करताना मान्य केलेलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या स्वतःच्या एका पुस्तकाचं मानधन टक्केवारीनं ठरलं होतं. पाच वर्षांत एकदाही विक्रीचा तक्ता आला नाही. विचारलं की उत्तर, "अजून पहिली आवृत्ती शिल्लक आहे." आणि त्याच काळात माझ्या मैत्रिणीनं ते पुस्तक नाशिकच्या प्रदर्शनात नव्या मुखपृष्ठासह विकत घेतलं.

मागणीनुसार छपाई आल्यापासून हा प्रश्न जास्त अवघड झालाय. पूर्वी अकराशे प्रतींची आवृत्ती म्हटलं की लेखकाला अंदाज असायचा. आता शंभर प्रती छापून 'तिसरी आवृत्ती' असं मुखपृष्ठावर येतं, आणि गरज पडेल तशा पन्नास-पन्नास प्रती निघत राहतात. किती निघाल्या हे प्रकाशक आणि छापखाना यांनाच ठाऊक. माझी एकच विनंती आहे. पुस्तकाच्या आतल्या पानावर, जिथे आवृत्ती आणि वर्ष छापता, तिथे प्रतींची संख्याही छापा. लेखकाला कळेल, दुकानदाराला कळेल, वाचकालाही कळेल.

फॉर्मा_सोळा, १८ जानेवारी, सायंकाळी ६.००

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी मानधन दरवर्षी जूनमध्ये देतो, पण प्रतींची संख्या छापत नाही. कारण लाज वाटते. 'प्रती ३००' असं छापलं तर लेखकाला आणि मला कमीपणा वाटेल अशी भीती. आज विचार केल्यावर वाटतं की ही भीती धरून बसल्यामुळेच बाहेरच्यांना खरी परिस्थिती कळत नाही. येत्या पुस्तकापासून छापतो.

खडूफळा, १८ जानेवारी, रात्री ८.४५

प्राध्यापकांच्या पुस्तकांबद्दल कुणी लिहिलं नाही. बढतीसाठीच्या गुणांमध्ये आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेलं पुस्तक धरलं जाऊ लागलं, तशी पैसे घेऊन पुस्तक काढून देणारी एक स्वतंत्र पेठ उभी राहिली. आयएसबीएन आपल्याकडे मोफत मिळतो. पंधरा-वीस हजार द्या, शंभर प्रती घरी घेऊन जा. माझ्या विभागात अशा पुस्तकांचं कपाट भरलंय. शीर्षकांची संख्या वाढते, वाचक एकही वाढत नाही. 'मराठीत वर्षाला इतकी पुस्तकं निघतात' असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला हे कपाट आठवतं.

सह्यकडा, १९ जानेवारी, सकाळी ९.२५

धागाकर्त्यांच्या आवृत्तीच्या मुद्द्याला एक पुरावा देतो.

साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व असतं, त्यामुळे २०११ च्या १ जानेवारीपासून त्यांची पुस्तकं कुणालाही छापता येतात. तेव्हापासून 'श्यामची आई' कितीजणांनी काढली बघा. मानधन नाही आणि खप नक्की, म्हणून हजारोंनी छापतात आणि जाड पुस्तक स्वस्तात देतात. कागद तोच, छापखाने तेच, जीएसटी तोच. मानधनाचे दहा टक्के वजा केले तरी फरक उरतोच, तो प्रतींच्या संख्येचा.

मात्र या स्वस्त आवृत्त्यांत शुद्धलेखनाची जी दशा झालीय ती बघवत नाही. शोधनाचे चार हजार वाचवले की असं होतं.

प्रती आधी ठरवून घ्यायचा मार्गही आपल्याकडे नवा नाही. ग्रंथाली या प्रकाशनसंस्थेनं सत्तरच्या दशकात वाचकांनाच सभासद करून घेतलं होतं. वडील सभासद होते. घरी टपालानं पुस्तकांचा गठ्ठा आला की सुतळी कापायची कुणी यावरून आम्हा भावंडांत भांडणं व्हायची.

म्हापसेकर, १९ जानेवारी, सकाळी ११.००

गोव्यात मराठी वाचणारे खूप, पण नवीन पुस्तक इथे पोचायला वर्ष जातं. वितरकाला पाच प्रतींसाठी गाडी पाठवणं परवडत नाही. आम्ही सातजण मिळून पुण्याहून एकत्र मागवतो. डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्यानं पुस्तकांची स्वस्त नोंदणीकृत सेवा अचानक बंद केली तेव्हा आमचं सगळं गाडं अडलं होतं. आता टपालखात्याचीच 'ज्ञान पोस्ट' ही पुस्तकांची स्वस्त सेवा आहे.

फॉर्मा_सोळा, १९ जानेवारी, दुपारी १.३०

म्हापसेकर, ते चार-साडेचार महिने आम्हीही फार ओढाताणीत काढले. कुरिअरला ६०-७० रुपये देऊन दीडशेचा कवितासंग्रह कोण मागवणार? ज्ञान पोस्ट १ मे २०२५ पासून सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पोचायला वेळ लागतो पण माग काढता येतो. पाच किलोत या कथासंग्रहासारखी सतरा-अठरा पुस्तकं बसतात. एकत्र मागवलं तर पुस्तकामागे सहा-सात रुपये टपाल.

हे लिहिताना एक विचार आला, ग्रंथपालदादा आणि सह्यकडा यांच्या प्रतिसादांमुळे. मार्चमध्ये माझं पुढचं पुस्तक येतंय, दुष्काळी भागातल्या पाण्याच्या कामांवरचं, २०८ पानांचंच. पाचशे छापायचं ठरलं होतं. वाचनालयांनी आणि वाचकांनी मिळून चारशे प्रती आधी नोंदवल्या तर मी हजार छापतो आणि किंमत ३०० ऐवजी २४० ठेवतो. वाचनालयांना २५ टक्के सूट, सरळ माझ्याकडून. प्रत १८० ला पडेल. साठ-सत्तर टक्के मला देता येणार नाहीत, पण कार्डावर तारखा पडतील याची खात्री देतो. नाशिकच्या ताईंना ४० टक्के, न विकलेल्या प्रती सहा महिन्यांनी परत घेईन. आतल्या पानावर प्रतींची संख्या असेल.

दुकानाची_पायरी, १९ जानेवारी, रात्री ९.५०

पंचवीस प्रती धरा. परत घेईन म्हणालात म्हणून पंचवीस, नाहीतर पाच सांगितल्या असत्या. दर्शनी काचेत लावते.

न्यूजर्सीची_मावशी, २० जानेवारी, सकाळी ६.१५

माझ्या नावानं दहा. पैसे आजच पाठवते, पुस्तकं इकडे पाठवू नका. माणच्या वाचनालयाला आणि त्यांना ठाऊक असतील त्या शाळांना द्या. ई-पुस्तक निघालं की मी ते वेगळं विकत घेईन.

कावेरी_वाचते, २० जानेवारी, सकाळी १०.३०

दोन प्रती, पूर्ण २४० ला.

माणदेशी_ग्रंथपाल, २० जानेवारी, दुपारी २.४०

मावशी, तुमचे फार आभार. दोन शाळांशी बोललो, चार-चार प्रती त्यांना देतो, दोन आमच्याकडे ठेवतो.

तालुक्यातल्या आणि शेजारच्या खटावमधल्या वाचनालयांना सकाळपासून फोन लावतोय. सहाजण तयार आहेत, प्रत्येकी दोन. एकानं विचारलं, पुस्तकात आमच्या गावच्या तळ्याचं आहे का? असेल तर पाच घेतो म्हणाला. तेवढं बघून कळवा.

पैसे मात्र हप्ता जमा झाल्यावर, मार्चअखेर. बिलावर तारीख ३१ च्या आतली टाका.

फॉर्मा_सोळा, २० जानेवारी, दुपारी ३.०५

गावाचं नाव कळवा, तळं आहे का बघतो. बिलाची तारीख २५ मार्च टाकतो. आत्तापर्यंत ४९ प्रती झाल्या.